साद ऐकूनही न थांबलेली टपालाची नाव

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
डाकघरे, कृष्णाकाठ उपविभाग,
मुक्काम सांगली.

विषय : टपालाच्या नावेस दिलेली न थांबण्याची सवलत परत घेणेबाबत, व तिच्यामुळे पलटणीत उशिरा हजर झालेल्या शिपायास तसा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपले ज्ञापन, दि. १६ फेब्रुवारी १९७६ (डोहगावची थैली रोज उशिरा का येते याचा खुलासा मागविलेला).

महोदय,

खाली सही करणार अर्जदार बाळगोंडा सातगोंडा मगदूम, किराणा दुकानदार व शाखा पोस्टमास्तर, मौजे डोहगाव, तालुका मिरज, याजकडून मागितलेला खुलासा व न मागितलेला अर्ज एकत्रच सादर होत आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, तेव्हा दोन कागद खर्ची घालण्याचे प्रयोजन दिसले नाही.

१. सदर माणूस म्हणजे डोहगावचा नावाडी नाथाजी आंबी. सन १९७४ साली त्याच्या पदरात काय पडणार होते ते प्रथम मांडले आहे. टपालाची थैली नदीपलीकडे पानमळा फाट्यावर एस.टी.च्या गाडीस पोचविण्याचे काम अंगावर घेतल्यास त्यास मिळणार होते ते असे : तंबाखूलाही न पुरणारा मासिक मोबदला, एक खाकी टोपी, एक तांबडे निशाण, एक पितळी शिट्टी, आणि आपल्या कार्यालयाच्या पत्रातील एक वाक्य. ते वाक्य असे की, 'टपाल नावेत चढल्यानंतर नाव कोणत्याही कारणाने व कोणाच्याही सांगण्यावरून थांबविली जाऊ नये.' पहिल्या चार बाबी नसत्या तरी नाथाजीची हरकत नव्हती. काम घेतले ते त्या वाक्यासाठी.

२. साहेब सांगलीस राहतात, तेथे पूल आहे, सबब आमच्या गावची रीत सांगणे भाग आहे. डोहगावात घाटाच्या चढावरून कोणी 'हो नाथाऽ' अशी साद घातली की खुंट्याचा दोर सोडलेला असला तरी नाव थांबते. साद घालणारा झाडाआड असला, दिसत नसला, तरी थांबते. त्या बदल्यात सुगीला घरटी शाळू आणि गुऱ्हाळाच्या वेळी गुळाची ढेप नावाड्याच्या घरी जाते. नाथाजीच्या बापाने हीच रीत पाळली, त्याच्या आज्याने पाळली. आता यात गंमत अशी की साद एकदा घातली म्हणजे इथला माणूस स्वतः पोचल्यासारखाच निवांत होतो. तो मागे फिरून बायकोला काही सांगतो, चप्पल झटकतो, वाटेत भेटलेल्याशी उसाच्या तोडीचे बोलतो. नावेतले लोक उन्हात बसून त्याच्याकडे बघतात. नाथाजीने निम्मा जन्म असा दुसऱ्याच्या येण्याकडे बघत काढला आहे. नवरदेवासाठी थांबला, फळीवर पाय न ठेवणाऱ्या म्हशीसाठी थांबला, आणि एकदा तर अशा गृहस्थासाठी थांबला की जो काठावर येऊन म्हणाला, आज माझं जायचं रहित झालंय, तेवढंच सांगायला आलो.

३. अशा माणसाच्या कानावर लालासाहेबांची आगबोट पडली. लालासाहेब भोइटे हे मूळचे फलटण तालुक्यातले, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आले, आणि सासऱ्याचा मळा कसायला डोहगावी राहिले. लढाईच्या काळात ते एडनच्या बंदरावर पहाऱ्याला होते. त्यांचे सांगणे असे की, इंग्रजांच्या अंमलातल्या बंदरात परमुलखाची टपालाची आगबोट आली म्हणजे तिचा मान लढाऊ जहाजाचा. बंदरचा अंमलदार शिडीखाली उभा. कोर्टाचा माणूस जप्तीचा कागद घेऊन धक्क्यावर घाम पुसत उभा. कोणाचा माल बुडालेला असो, कोणाचा दावा असो, आगबोटीस हात लावायचा नाही, अडकवून ठेवायचे नाही. भोंगा झाला की ती निघाली. हे सर्व सांगून ते म्हणाले, "नाथा, तुज्या नावंत सरकारी टपाल बसनार न्हवं? मग तुजी नाव बी आगबोटच की रं. फकस्त धूर न्हाई."

नाथाजीने एवढेच विचारले, "आन मागनं कुनी साद घातली तर?"

"समुद्रात कोन साद घालतंय गड्या?" असे लालासाहेब म्हणाले, आणि पारावरचे सगळे हसले. अर्जदारही हसला होता. प्रश्न नाथाजीने बरोबर विचारला होता. उत्तर मात्र एडनचे मिळाले.

४. पुढील प्रकार साहेबांच्या दप्तरी नसणार, म्हणून थोडक्यात. शिट्टी वाजू लागली तशी माणसे मागे राहू लागली. तलाठी राहिले, कासार राहिला, मुलगी बघायला निघालेले पाव्हणे नव्या टोप्या घालून काठावर राहिले. सकाळची थैली रोजची असल्याने ती नाव बहुतेकांनी सोडून दिली. परंतु दुपारची थैली टपाल असेल तरच निघते, ही बाब गावाच्या ध्यानी आली. ज्यास दुपारी घाई असेल त्याने दुकानात येऊन एक कार्ड टाकावे. कार्ड पडले की थैली झाली, थैली झाली की नाव सुटली. शालूबाई कोष्टी हिने तर स्वतःच्याच पत्त्यावर कार्ड लिहवून घेतले की, पत्रास कारण, मला बाजाराला जायचे आहे. ते दुसऱ्या दिवशी रीतसर तिला पोचते केले, व तिने ते वाचवूनही घेतले. आमच्या शाखेत कार्डांचा खप इतका वाढला की आपल्या कार्यालयाने अर्जदारास शाबासकीचे पत्र पाठविले. ते दुकानात देवाच्या फोटोखाली लावलेले आहे. लोकांमध्ये साक्षरता वाढल्याचा जो उल्लेख त्यात आहे, त्याबद्दल अर्जदाराने तेव्हा काही कळविले नाही.

५. पुढे नानासो खोत यांनी आगबोटीचा दुसरा मान वापरून पाहिला. त्यांच्या भावाने वाटणीच्या दाव्यात विहिरीवरच्या इंजिनाची जप्ती आणली. बेलीफ येणार हे कळताच नानासोंनी इंजिन बैलगाडीतून घाटावर आणले व नावेत थैलीच्या जागेशेजारी ठेवले. नाथाजीने आपले पत्र बेलिफास दाखविले. बेलिफाने ते दोनदा वाचले, कोर्टात विचारून येतो म्हणाला, आणि पलीकडे जाण्यासाठी नावेत पाय टाकला, तेव्हा त्यास थैली येईपर्यंत बसण्यास सांगण्यात आले. इंजिन त्या पावसाळ्यात नावेतच राहिले. चार माणसांची जागा त्याने खाल्ली. नानासो रोज सकाळी येऊन त्यास तेल देत, आणि नाथाजी त्यांना 'मालक, पाशिंजर बरा हाय का?' असे विचारी. गाव हसत होते, साहेब. मागे राहिलेलेसुद्धा दुसरा कोणी मागे राहिला की हसत.

६. हसणे थांबले ते सरपंच आप्पासो काठावर राहिले तेव्हा. त्यांनी स्वतः साद घातली होती. ग्रामसभेत त्यांनी विषय काढला, की ही सरकारी शिस्त सरपंचालाच आहे की घरच्यांनाही आहे. नाथाजी टोपी घालून उभा राहिला व म्हणाला, "आवं आप्पासो, माजा बाप जरी चढावर हुबा ऱ्हायला तरी थांबनार न्हाई."

बाप वारून बरीच वर्षे झाल्याने हा शब्द त्यास स्वस्त पडला. आप्पासो हिशेबाचे पक्के. त्यांनी विचारले, "आन पोरगं?"

"त्ये बी," नाथाजी म्हणाला.

७. सदर पोरगा म्हणजे शिपाई जोतीराम नाथाजी आंबी. गेल्या भाद्रपदात तो गौरी-गणपतीच्या रजेवर आला होता. परतल्यावर त्यास नाईकच्या केडरला, म्हणजे बढतीच्या शिक्षणाला, बसावयाचे होते. घरात त्याची आई अंबूबाई हिने बाहीवर नाईकची फीत शिवण्यासाठी सुईसुद्धा वेगळी काढून ठेवली होती, असे तिच्या शेजारणी थट्टेने सांगतात. निघायच्या सकाळी अंबूबाई चटणीचे डबे बांधत होती. तिने एक डबा सोडून पुन्हा बांधला. तेवढ्यात घाटावर शिट्टी झाली.

जोतीराम ट्रंक खांद्यावर घेऊन चढाच्या माथ्यावर आला तेव्हा दोर सुटलेला होता, पण नाव काठास लागून होती. आता अर्जदाराने साहेबांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे, कारण सगळे प्रकरण तीवर उभे आहे. तो पळत सुटला असता तर नाव त्यास मिळाली असती. पलटणीतला गडी, चढ उतरायला त्यास किती वेळ? परंतु तो पळाला नाही. त्याने साद घातली, "हो नाथाऽ", कारण घाटावर बापालाही तशीच साद घालतात, आणि ट्रंक खाली ठेवून खांदा बदलला. नावाड्याचे पोर ते. सादेला नाव थांबते हे त्यास कोणी शिकविलेले नाही, पाणी ओले असते हे जसे शिकवत नाहीत.

नावेत त्या दिवशी आप्पासो बसलेले होते, इंजिनाला टेकून. ते नाथाजीकडे बघून म्हणाले, "आता बघू आगबोट."

ज्यांनी पाहिले ते सांगतात की नाथाजीचा हात वल्ह्यावर थांबला. मागे वळून मात्र त्याने पाहिले नाही. पाहिले असते तर प्रश्नच नव्हता. "टपालाची हाय," असे तो कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाला, आणि वल्हे पाण्यात घातले. नदी भरून वाहत होती. एकदा धारेत गेलेली नाव परत फिरविणे सोपे नव्हते, हेही खरे. चढावर जोतीराम दुसऱ्यांदा साद न घालता उभा राहिला. नावेतले दोघे-तिघे आधी हसले, मग त्यांनी विषय बदलला.

८. नाथाजीने थैली पोचवून नाव इतकी झपाट्याने परत आणली की तळहात सोलवटले. त्याने मुलास पलीकडे नेले. एस.टी. थैली घेऊन गेलेली होती, दुसरी मिळाली ती उशिरा, आणि मिरजेची आगगाडी, जी एरवी हमखास रेंगाळे, ती हल्लीच्या दिवसांत वेळेवर सुटते, तशी सुटली. जोतीराम पलटणीत एक दिवस उशिरा हजर झाला. त्याचे नाव केडरमधून कापले गेले. हे त्याने कळविलेले नाही. त्याच कंपनीतला शेजारच्या गावचा केरबा रजेवर आला, त्याने सांगितले. केरबा हेही म्हणाला की सुभेदार साहेब चांगले आहेत, उशीर सरकारी हुकमामुळे झाला असा मुलकी दाखला मिळाला तर नाव पुन्हा घालता येईल. मुदत ३१ मार्च.

केरबा सांगून गेला त्या रात्री नाथाजीच्या घरी काय झाले ते अर्जदारास भिंत एकच असल्याने ठाऊक आहे. अंबूबाई रडली-ओरडली नाही. ती म्हणाली, "तुमी आगबोट चालवा. मी चुलीम्होरं बसते. जेवायला मातुर शिटी मारून बोलवू नगा."

९. नोव्हेंबर महिन्यात अर्जदार नाथाजीस घेऊन आपल्या कार्यालयात आला होता. साहेब दौऱ्यावर होते. तेथे सांगण्यात आले की, नावेस न थांबण्याची सवलत अशी कोणतीही दिलेली नाही, ती केवळ टपाल त्वरेने नेण्याची सूचना होती, तिचा अर्थ नावाड्याने आपल्या जबाबदारीवर लावला, सबब दाखला देता येत नाही. तरीही अर्ज करावयाचा असल्यास शिपायाचे स्वतःचे पत्र जोडावे. बरे. आता फेब्रुवारीत आपले ज्ञापन आले आहे की, सवलत असताना नाव काठावर थांबते कशी, व नावाड्यावर कारवाई का करू नये. म्हणजे मुलाला उपयोग व्हायचा तेव्हा सवलत नव्हती, आणि बापाला दोष लावायचा तेव्हा ती आहे. अर्जदाराच्या दुकानात एकच तराजू आहे. असा माल त्यात तोलून पाहिला, पारडे स्थिर राहत नाही.

१०. यावर सल्ला घेण्यासाठी अर्जदार हळदीच्या सौद्यांना सांगलीस गेला असता एका वकिलांना भेटला. त्यांनी जुना कायदा काढून दाखविला. लालासाहेबांनी सांगितले ते खोटे नव्हते. परमुलखाच्या टपाल-आगबोटींना अशी सूट मिळे, दाव्यासाठी त्यांना अडकवून ठेवता येत नसे. परंतु ती सूट फुकट नव्हती. आगबोटीच्या कंपनीला आधी कोर्टात जामीन ठेवावा लागे, म्हणजे धावत्या आगबोटीचा धक्का कोणाला लागला तर त्याची भरपाई त्या जामिनातून व्हावी. मगच तिने कोणासाठी न थांबता जावे. लालासाहेबांचा पहारा धक्क्यावर होता. जामीन ठेवला होता त्या दरवाजावर त्यांची नेमणूक नव्हती, म्हणून अर्धीच गोष्ट डोहगावी आली.

आमच्या नावेस सूट देताना जामीन कोणी ठेवला, हे अर्जदाराने आपले पत्र उलटसुलट करून शोधले. मागची बाजू कोरी आहे.

११. आता मूळ खुलासा. थैली उशिरा येते याचे कारण, नाथाजी थांबतो. साद आली तर थांबतोच, न आली तरी थांबतो. थैली नावेत ठेवतो, दोर सोडतो, आणि वल्हे हातात धरून चढाच्या माथ्याकडे बघत उभा राहतो. लोक म्हणतात, नाथा, कोन न्हाई रं, सोड आता. तो मान हलवितो आणि आणखी थोडा थांबतो. नानासो व त्यांच्या भावाचे मिटले, इंजिन उतरवून नेले, आप्पासोंनी स्वतः येऊन सांगितले की झाले ते झाले, मी बी बोलायला नगं हुतं. शिट्टी आणि निशाण नाथाजीने दुकानाच्या फळीवर आणून ठेवले.

संध्याकाळी परतीची थैली अर्जदारासमोर फुटते तेव्हा तो उंबऱ्यापाशी बसतो. "आमचं काय हाय का?" एवढे विचारतो. जोतीरामकडून घरी येणारे टपाल भाद्रपदापासून बंद आहे. ज्या थैलीसाठी त्याने मुलाला काठावर ठेवले, ती तो रोज स्वतःच्या हाताने वाहून आणतो आणि रोज तिच्यात त्याच्यासाठी काही नसते. नाही म्हणण्याचे काम अर्जदाराकडे आहे. पोस्टमास्तरच्या कर्तव्यांत ते कोठे लिहिलेले आढळले नाही, तरी बिनतक्रार चालू होते. आता होत नाही.

१२. सबब विनंती अशी :

(अ) शिपाई जोतीराम आंबी याचा उशीर आपल्या कार्यालयाच्या लेखी हुकमामुळे झाला, असा दाखला ३१ मार्चपूर्वी पलटणीत पोचेल अशा बेताने द्यावा. मसुदा जोडला आहे. साहेबांनी फक्त सही करावयाची आहे. तारखेची जागाही मोकळी ठेवली आहे. तो दाखला नेणारी नाव कोणाच्याही सादेला थांबणार नाही, एवढ्या एका फेरीची हमी अर्जदार घेतो.

(आ) न थांबण्याची सवलत, दिली असल्यास परत घ्यावी, दिली नसल्यास तसे नाथाजीस लेखी कळवावे. कोणतेही चालेल. टपालास थोडा उशीर होईल. आमच्या गावच्या पत्रांत बहुतेक मजकूर असा असतो की तो एक दिवसाने शिळा होत नाही.

(इ) नाथाजीवर कारवाई करू नये. करावयाचीच झाल्यास काय काढून घ्यावे ते आधी कळवावे. अर्जदाराने शोध घेतला, फारसे काही शिल्लक आढळले नाही.

१३. शेवटी जमाखर्च. या दीड वर्षात बरेच महिने सरकारची थैली वेळेवर पोचली, ती जमा सरकारकडे. नानासोंचे इंजिन वाचले. आप्पासोंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. शाखेला शाबासकी मिळाली, अर्जदाराच्या दुकानावर वर्दळ वाढली. लालासाहेबांना मुलूखभर सांगायला गोष्ट झाली, ती आता ते सांगत नाहीत. एवढ्या जणांच्या नावावर जमा आहे. खर्चाच्या बाजूला एक फीत आहे, जी शिवलीच गेली नाही, आणि एक साद, जी जोतीरामने आपल्या बापाला पुन्हा घातलेली नाही. तो जामीन आंबींच्या घराने भरला, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

हा अर्ज त्याच नावेने येत आहे. थैली बांधून तयार आहे, नाथाजी वल्हे धरून चढाकडे बघत उभा आहे, आणि चढावर कोणी नाही. तरी अर्ज उशिरा हाती पडल्यास त्याचे कारण वर कलम ११ मध्ये पाहावे.

उत्तराची वाट बघणाऱ्या दोन घरांच्या वतीने,

आपला नम्र,
(सही) बा. सा. मगदूम
शाखा पोस्टमास्तर, डोहगाव

निशाणी डावा अंगठा : नाथाजी आंबी
(वाचून दाखविले. मजकूर मान्य. कलम ७ पुन्हा वाचू नका म्हणाला.)

दिनांक : ९ मार्च १९७६

सोबत :
१. आपल्या कार्यालयाचे सन १९७४ चे पत्र, मूळ.
२. दाखल्याचा मसुदा, सहीसाठी.
३. पितळी शिट्टी एक व तांबडे निशाण एक, परत.
४. आपल्या कार्यालयाने मागितल्याप्रमाणे शिपाई जोतीराम याचे घरी आलेले पत्र : निरंक.